रातांब्याच्या रंगाचे हात

अंगभर पसरलेल्या कोडावर पोटात घ्यायच्या गोळ्यांच्या चाचण्या चालू आहेत, असे मी आज सकाळी सांगत होतो, तेव्हा आमच्या नात्यातल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी हातातली कपबशी खाली न ठेवताच विचारले, "कोडाने कुठे कोणी मरते? मग एवढी जालीम औषधे कशाला?" त्यांच्या वयाचा मान राखून मी तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

माझी आते वेंगुर्ल्याजवळ दर मे महिन्यात सोले, म्हणजे आमसुले, करीत असे. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, साली रसात बुडवून उन्हात टाकायच्या आणि सुकल्या की पुन्हा बुडवायच्या. तिचे कोड बोटांपासून सुरू होऊन मानेवर आणि मग पाठभर गेले होते. सोलांच्या त्या दिवसांत बोटांवरचे डाग जांभळट लाल होत आणि ती हात पुढे धरून म्हणे, "बघ रे, आता झाले माझे हात सगळ्यांसारके." पुढे एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने ते हात पाहून सोले घेणे बंद केले. कोड स्पर्शाने होत नाही, हे त्या बाईंना ठाऊक नसेल असे मला मुळीच वाटत नाही.

या आजारात शरीराच्याच संरक्षक पेशी रंगपेशींना मारतात, आणि जॅक नावाची विकरे त्या हल्ल्याचा निरोप पेशीच्या आत पोचवतात. ती वाट अडवणारे रुक्सोलिटिनिबचे मलम अमेरिकेत कोडासाठी जुलै २०२२ मध्ये मान्य झाले. मात्र ते शरीराच्या १० टक्क्यांहून अधिक भागावर लावायचे नसते, आणि आतेची नुसती पाठच त्याहून मोठी होती! मग गोळी शोधायची नाही तर काय करायचे?

जोखीम आहे, मान्य. जॅकची वाट अडवणाऱ्या या गटातल्या गोळ्यांवर गंभीर जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि कर्करोग यांचा ठळक इशारा असतो, आणि क्षयाची तपासणी केल्याशिवाय त्या सुरू करीत नाहीत. पण चाचणी करतात ती हेच पारखण्यासाठी. उपाडासिटिनिब या अशाच एका गोळीच्या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात ६, ११ आणि २२ मिलिग्रॅमचे तीन गट केले होते, चौथ्या गटाला बिनऔषधाची गोळी दिली होती, आणि २४ आठवडे त्यांची तुलना केली होती. ते २४ आठवडे आपण कोणत्या गटात आहोत हे न कळता रोज एक गोळी गिळणाऱ्या माणसांना हौस म्हणून आलेले समजणाऱ्याने एकदा तरी आतेसारखे गळाबंद पोलके घालून रातांबे फोडायला बसावे.

असो. रागाच्या भरात जास्त लिहिले असेल.

खरे सांगायचे तर रंग परततो तो बहुतेक केसांच्या मुळांतून, म्हणून चेहरा आधी भरतो आणि बोटांची टोके सर्वांत मागे राहतात. अशी गोळी आतेच्या हयातीत आली असती, तरी हातांसाठी तिला बहुधा मे महिन्याचीच वाट पाहावी लागली असती. पण मान कदाचित भरली असती, आणि वैशाखाच्या त्या उकाड्यात तिने गळ्याशी एक तरी बटण उघडे ठेवले असते.