विरोध करा, पण बेतानं

तुमच्या कॉलेजच्या व्याख्यानमालेत यंदा ‘ते’ वक्ते येणार आहेत. पत्रिकेवर विषय ‘राष्ट्रापुढील आव्हाने’ असा गुळगुळीत छापलाय, पण त्यांची आधीची भाषणं तुम्ही मोबाइलवर ऐकलीत. त्यात आव्हान एकच असतं, ते दाढी राखतं, शेजारच्या गल्लीत राहतं आणि गाड्यावर केळी विकतं. तुम्हाला विरोध करायचाय. शाबास! शाहूंच्या कोल्हापुरात विरोध झालाच पाहिजे. फक्त तो असा करा, की कुणाची झोपमोड होऊ नये.

आधी निवेदन. निवेदनाशिवाय आपल्याकडं पान हलत नाही. निवेदनानंही हलत नाही, पण ते असू दे. सुरुवात ‘शाहू, फुले, आंबेडकरांच्या विचारांचा वारसा लाभलेल्या पुरोगामी कोल्हापुरात’ अशीच करा. हेच वाक्य वक्त्याच्या स्वागताच्या भाषणातही असणार आहे, त्यामुळं प्राचार्यांना ते परकं वाटत नाही. खाली संघटनांची नावं भरपूर टाका. माणसं सात असली तरी संघटना अकरा होतात. मग फोटो. कागद एक, त्याला पाच जणांचे अंगठे लागलेले, प्राचार्य मधोमध आणि सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत. कागदाकडं बघायचं काम कुणाचंच नाही. चहा येईल, त्याला नको म्हणू नका. उद्याच्या पेपरात आतल्या पानावर दोन कॉलम मिळाले, की अर्धा विरोध तिथंच झाला.

प्राचार्य म्हणतील, ‘कार्यक्रम आमचा नाही हो, आम्ही फक्त हॉल दिलाय.’ इथं मान डोलवायची आणि उठायचं. हॉल कुणाच्या अर्जावर दिला, भाडं किती घेतलं, पावती कुठाय, असलं काही विचारायचं नाही. दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकता येतो, हे तर मनातसुद्धा आणू नका. अनुदानित कॉलेज आहे, पगार सरकारी तिजोरीतून होतात, हे माहीत असूनही विसरायची सवय लावून घ्या. आणि हो, एनएसएसच्या पोरापोरींना हजेरीसाठी सक्तीनं बसवलं असेल, तर त्याचीही चौकशी नको. तिसऱ्या बाकावरची एखादी मुल्लांची किंवा बागवानांची पोरगी दीड तास आपल्याच बापाला देशाचा शत्रू म्हटलेलं ऐकेल आणि जाताना सही करून जाईल. हजेरी भरली म्हणजे झालं.

पोलिसांकडं जायचं असेल तर भाषण झाल्यावर चार दिवसांनी जा, ‘भावना दुखावल्या’ एवढंच लिहून. नेमकं काय बोलले, कितव्या मिनिटाला बोलले, रेकॉर्डिंग कुठंय, हे लिहिलं की उगाच गुन्हा दाखल करायची पाळी येते. सर्वोच्च न्यायालयानं २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना बजावलंय, की द्वेषाचं भाषण झालं तर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा, बोलणाऱ्याचा धर्म बघू नका. त्या आदेशाची प्रत खिशात घालून ठाण्यात जाणं म्हणजे साहेबांचा अपमान. धर्मावरून वैर पसरवणाऱ्यांसाठीचं भारतीय न्याय संहितेतलं १९६ वं कलम त्यांना तोंडपाठ असणारच.

किंवा सरळ बंदीच मागा. हा उपाय वक्त्याला फार आवडतो. शंभर खुर्च्यांचा हॉल नाकारला, की मैदान मिळतं आणि सोबत ‘मुस्कटदाबी’चा मथळा फुकट. माझं विचाराल तर माणसानं कुठंही बोलावं, कायद्यात राहून. पण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेनं त्याला शाल-श्रीफळ का द्यावं, एवढाच माझा सवाल आहे. पण तो निवेदनात घालू नका, त्याला उत्तर द्यावं लागतं.

इतिहास काढायचा मोह तर टाळाच. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर मुस्लिम बोर्डिंग उभं आहे, १९०६ साली महाराजांनीच पुढाकार घेऊन मुसलमान पोरांच्या शिक्षणाची ती सोय केली. वक्त्याची गाडी तिथूनच जाणार असेल तर काच वर ठेवायला सांगा. दरबारचे गवई अल्लादियाँ खाँ, रंगांचा जादूगार आबालाल रहिमान, बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती, कुरुंदवाडच्या मशिदींत बसणारे गणपती, यातलं काही स्टेजवर निघालं तर पाहुण्यांची पंचाईत होईल. शिवरायांच्या आरमारातला दौलतखान, तोफखान्यातला इब्राहिमखान ही नावं गोविंद पानसरे गावोगाव सांगत फिरायचे. फेब्रुवारी २०१५ मध्ये याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यामुळं ही यादी वाचणारा माणूस निवडताना आधी दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवावं.

‘नुसत्या भाषणानं काय होतंय?’ हे वाक्य तयार ठेवा. ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं, लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडलं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात मशीद आणि घरं फोडली. हे सगळं आपोआप झालं. आधी कुणी काही बोललंच नव्हतं, असं समजायचं.

एवढं करूनही कार्यक्रमाला जाऊन बसणार असाल तर मागच्या रांगेत बसा. प्रश्न तोंडी घेत नाहीत, चिठ्ठी द्यावी लागते. तुम्ही ‘अमुक आकडा कुठून आणलात?’ असं विचाराल. सूत्रसंचालक गठ्ठ्यातून ‘आपल्या ओजस्वी वाणीचं रहस्य काय?’ ही चिठ्ठी काढेल. मग वेळेअभावी आभार. संस्थाचालक, प्राचार्य, हारवाले, मंडपवाले, सगळ्यांचे नावानिशी मानतात. संध्याकाळपासून ‘हॅलो, चेक, चेक’ करत माइक जुळवणाऱ्या साउंडवाल्याचे मात्र नाव न घेता. घेतलं असतं, तर मघाचं भाषण पहिल्यापासून दुरुस्त करावं लागलं असतं.