गुरुजी, तुमचं गणित बरोबर आहे

गुरुजी, नमस्कार.

माझा भाचा कोइंबतूरच्या मोटार शर्यतीत उतरला, त्यावर मी तीन भागांत लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा मोबाइलवर, घाईत, आणि एकदा दुकानाचं शटर ओढल्यावर सावकाश. पहिल्यांदा राग आला होता, हे कबूल करतो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुरुजींनी औसा तालुक्यात ३१ वर्षं गणित शिकवलं. त्यांचं म्हणणं असं: तीन लेख आणि साठ फोटो टाकले, पण जिंकलं कोण याचा पत्ता नाही, नुसतं नटबोल्टाचं पुराण. २.१ किलोमीटरची फेरी १ मिनिट १८ सेकंदांत आणि 'सरासरी ताशी १२०च्या वर', हे गणित कोणत्या शाळेतलं? आणि ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसानं पेट्रोल जाळण्याचं कौतुक लिहावं का? ही बापाच्या पैशावर चालणारी चैन आहे. त्यापेक्षा आपला शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, बरा, निदान बैल तरी पोसला जातो.

गणितापासून सुरुवात करतो, कारण तिथं वाद घालायला जागाच नाही. २१०० भागिले ७८ म्हणजे सेकंदाला जवळपास २७ मीटर. ताशी ९७ किलोमीटर. मी १२० लिहिलं ते निव्वळ तोंडाला आलं म्हणून. भाच्याच्या गाडीत वेग दाखवणारा काटाच नाही, इंजिनाचे फेरे दाखवणारा आहे. तेव्हा आकडा पाहून लिहिला, अशीही सबब मला नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण तुमचाच भागाकार पुढं नेतो. सेकंदाला २७ मीटर, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात २.७ मीटर. तेवढ्या जागेत ती गाडी पुरती मावतही नाही. शनिवारच्या पात्रता फेरीत (कोण कितव्या नंबरावरून सुटणार ते हिच्यावर ठरतं) भाच्याची वेळ होती १ मिनिट १८.४ सेकंद, आणि तेराव्या नंबरच्या पोराची १८.२. दोन गाड्यांत साडेपाच मीटरचं अंतर, तेही २१०० मीटर धावल्यावर. हे दोन दशांश कुठं गेले, यावर रात्री दीड तास खल झाला. तिथला मेकॅनिक म्हणाला की ते सरळ रस्त्यावर गेलेच नाहीत. तुमचा गडी वळणात उशिरा ब्रेक मारतो, त्याला वाटतं आपण शूर, पण मग गाडी सावरता सावरता ॲक्सिलेटर द्यायला उशीर होतो. वळणातून बाहेर पडताना ताशी तीन किलोमीटर कमी पडले की ते पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यावर कमीच राहतात. मलाही हे आधी कळत नव्हतं. मला वाटायचं, जो जास्त दाबतो तो पुढं जातो.

आता जिंकलं कोण. गुरुजी, खरं सांगतो, शर्यत मी पाहिलीच नाही.

मी पिटच्या, म्हणजे गाड्या दुरुस्तीला आत येतात त्या जागेच्या, भिंतीशी पाटी घेऊन उभा होतो. पाटीवर नंबर आणि राहिलेल्या फेऱ्या लावायच्या आणि गाडी आली की पुढं धरायची, एवढंच काम. तिथून सरळ पट्ट्याचा साधारण दोनशे मीटरचा तुकडा दिसतो. त्यावर गाडीचा वेग ताशी १४० धरा, म्हणजे पाच सेकंद. शर्यत बारा फेऱ्यांची. पाच गुणिले बारा, साठ सेकंद. तीन दिवस राहिलो, आधी एसटीनं बीडमार्गे सोलापूर, तिथून कुर्ला–कोइंबतूर एक्स्प्रेसमध्ये अख्खा दिवस आणि एक रात्र, आणि आपलं पोर शर्यतीत पळताना दिसलं ते एकूण एक मिनिट. उरलेला वेळ गाडी कुठं आहे ते कानानं ओळखायचं. गाड्या लांबच्या टोकाला गेल्या की नुसती गुणगुण ऐकू येते, आणि त्या गुणगुणीत आपलं इंजिन कोणतं हे कळल्यासारखं वाटतं. कळत काही नाही. टीव्हीवरच्या शर्यतीला तीसचाळीस कॅमेरे असतात आणि सांगणारा माणूस असतो. हौशी शर्यतीत हातात घड्याळ असतं, आणि शेजारी उभा असलेला कुणाचा तरी काका असतो. तोही आपल्यासारखाच घाबरलेला.

सातव्या फेरीला काळा झेंडा निघाला, मध्ये नारिंगी गोळा असलेला. त्याचा अर्थ तुमच्या गाडीत बिघाड दिसतोय, आत या. झेंड्यासोबत गाडीच्या नंबराची पाटी धरतात. मला चष्म्यातून ती पाटी वाचायला जो वेळ लागला, तेवढ्यात मी बहिणीला काय सांगायचं हे मनात ठरवूनही टाकलं होतं. नंबर दुसऱ्याचा निघाला, त्याचा सायलेन्सर लोंबत होता. आता अशा माणसाला पहिला कोण आला हे विचारता, गुरुजी?

नटबोल्टाचं पुराण म्हणालात, ते मान्य आहे. पण त्या पुराणातला एक अध्याय मी लेखात उरकून टाकला होता, तो इथं नीट सांगतो. वाळूजला माझं दोन लेथचं दुकान आहे. बाहेरून आलेल्या जॉबवर नट आवळला की आम्ही नट आणि बोल्ट दोन्हींवरून मिळून रंगाची एक रेघ ओढतो. रेघ अखंड तर नट जागेवर. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, पाना लावून बघायचीही गरज नाही. त्या शर्यतीच्या गाडीवरही जिथं तिथं तशाच रेघा, पिवळ्या रंगाच्या. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तमिळ मला एक अक्षर येत नाही, पण तेराचा पाना तिथंही तेराचाच.

पात्रता फेरी चालू असताना भाचा आत आला. हेल्मेटमधूनच ओरडला, तिसरा गिअर पडत नाही. मेकॅनिक गिअरबॉक्सकडं धावला. मी वाकून गिअरच्या दांडीकडं पाहिलं, तर तिची लांबी पक्की धरणाऱ्या चेकनटवरची रेघ तुटलेली. नट सैल झाला की दांडी आट्यांवर फिरते, तिची लांबी बदलते, आणि मग हातातला दांडा तिसऱ्याच्या घरापर्यंत पोचतच नाही. गिअरबॉक्स धडधाकट होता. दांडी पुन्हा मापात आणून नट आवळायला सहा मिनिटं लागली. भाच्याला शेवटच्या दोनच फेऱ्या मिळाल्या आणि त्यातल्या एकीत ती १८.४ आली. माझ्यापुरती शर्यत ती. रविवारी जे झालं ते पोरानं केलं, मी पाटी धरली.

थोडं गाडीविषयी, कारण तुमच्या लिहिण्यातून असं दिसलं की ही टीव्हीवरची फॉर्म्युला वन असा तुमचा समज झालाय. ही फॉर्म्युला एलजीबी. चाकं उघडी, एकच माणूस बसणार, आणि आत मारुतीचं १३०० सीसीचं इंजिन, आपल्याकडच्या जुन्या स्विफ्टमधलं. एलजीबी म्हणजे कोइंबतूरची एल. जी. बालकृष्णन आणि ब्रदर्स. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण तुमच्या मोटारसायकलला रोलॉनची चेन असेल तर ती त्यांचीच. गाडीला ना पुढं पंख ना मागं (पंख म्हणजे वाऱ्याच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरणाऱ्या फळ्या). त्यामुळंच त्या एकमेकींच्या अगदी शेपटीला चिकटून पळू शकतात. पंखांची गाडी दुसरीच्या मागं गेली की तिला घुसळलेली हवा मिळते आणि वळणात पकड जाते. बिनपंखी गाडीला मागं राहण्याचा फायदाच जास्त, समोरची गाडी हवा फाडते आणि मागची त्या पोकळीत ओढली जाते. उन्हाळ्यात समोरून वारा असताना एसटीच्या मागं मोटारसायकल घातली की ॲक्सिलेटर हलका लागतो, तेच हे. (घालू नये. मी घातली आहे.)

आणि ही शर्यत कोइंबतूरलाच का, तर तिथं एस. करिवर्धन नावाचा माणूस होऊन गेला. गिरणीवाल्या घरातला. त्यानं मारुती ८००चं इंजिन घालून स्वस्तातल्या एकआसनी गाड्या, फॉर्म्युला मारुती, बांधल्या आणि पोरांना चालवायला दिल्या. १९९५ साली विमान अपघातात तो गेला. शहराबाहेर चेट्टीपाळयमला २००३ मध्ये झालेल्या ट्रॅकला त्याचंच नाव आहे, करी मोटर स्पीडवे. नारायण कार्तिकेयन, आपल्या देशाचा पहिला फॉर्म्युला वन चालक, २००५ साली जॉर्डन संघातून उतरला. त्याचीही सुरुवात फॉर्म्युला मारुतीतूनच.

इथं तुमचा तिसरा मुद्दा येतो आणि तो मला झटकून टाकता येत नाही. नारायणचे वडील स्वतः रॅलीत गाडी चालवणारे होते. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या गाड्या-माणसांच्या तळावर, मी तीन दिवस फिरलो. निम्मी पोरं अशी की सातव्या-आठव्या वर्षी कार्टमध्ये, पोरांच्या छोट्या रेसगाडीत, बसलेली, मागं वडील, वडिलांचा ड्रायव्हर, वेगळा डबा. आमचा गडी पहिल्यांदा रेसच्या गाडीत बसला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तेव्हा चैन म्हणालात ते बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं आहे. इंजिन सगळ्यांना सारखं आणि सीलबंद, म्हणजे पैसा ओतून ताकद वाढवता येत नाही. पण सरावाचे दिवस विकत घेता येतात, टायर विकत घेता येतात, आणि धडक झाली तर भरपाई ज्याची त्यानं करायची. भाच्यानं गाडीतली जागा भाड्यानं घेतली होती. किती दिले ते लिहू नको म्हणून त्यानं मला बजावलंय. एवढं सांगतो की कर्ज काढलं नाही, मोटारसायकल विकली.

पेट्रोलचा हिशोब तुमच्यासाठी मुद्दाम मांडला. तीन दिवसांची सगळी सत्रं मिळून भाच्याच्या साठेक फेऱ्या झाल्या. सव्वाशे किलोमीटर. म्हणजे संभाजीनगर ते बीड, एकदा, फक्त जायचं. ही गाडी साध्या गाडीच्या कितीतरी पट पिते हे धरूनही, इथल्या एका लग्नाच्या वरातीमागं जेवढ्या गाड्या निघतात त्यांच्यापुढं हा आकडा मांडायला मला लाज वाटत नाही. पण मला माहीत आहे, तुमचा प्रश्न लिटरचा नव्हता. भाच्याच्या बापाचं चार एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन. तिकडं पाऊस लांबलेला आणि इकडं आम्ही टायरात हवा किती भरायची यावर बोलतोय, हे मलाही त्या रात्री लॉजवर झोपताना टोचलं. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर बनवणार नाही.

शंकरपटावर मात्र बोलणार, कारण तिथं तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध गेलात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला. त्या मधल्या सात-साडेसात वर्षांत लोकांनी जोड्या विकल्या नाहीत. शर्यत नाही, बक्षीस नाही, तरी खुराक चालू. दाण्यात पैसा, पेंडीत पैसा, आणि पट सुटल्यावर मिळणार काय तर काही सेकंदांचं दर्शन आणि धूळ. तिथंही सेकंदाचे तुकडे मोजतात, तिथंही मालकाला बैलाच्या खुरातला खडा दिसतो पण पहिलं कोण आलं ते विचारावं लागतं. लहानपणी मी मामाच्या जोडीबरोबर जायचो, घागरी-बादल्या धरायला. एकही पट मी नीट पाहिलेला नाही. सगळे मागून पाहिले, बैलांच्या शेपटाकडून. आता माझाच भाचा झाला आणि बैलांच्या जागी गाडी आली, एवढाच फरक. तुम्ही त्या जोडीवाल्याला चैनी म्हणत नाही, मग माझ्या बहिणीच्या पोराला का म्हणता?

बहीण तर तुमच्याच बाजूची आहे. परत आलो त्या दिवशी दारातच म्हणाली, "कामून नेलंस लेकराला तिथवर? काही झालं असतं म्हंजी?" मी तिला सांगायला लागलो की सहा पट्ट्यांनी बांधतात, आग न लागणारा अंगरखा असतो, गाडीवर निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण असते, तिथलं बटण बाहेरून कुणीही ओढलं की सगळा करंट बंद. ती म्हणाली, "म्हंजी आग लागती ना?"

असो. भाचा वीस जणांत चौदावा सुटला आणि चौदावाच आला. पहिल्या आलेल्याची सरासरी फेरी आमच्याहून तीन सेकंदांनी कमी होती. तीन गुणिले बारा, छत्तीस सेकंद. तो शर्यत संपवणाऱ्या चौकड्याच्या झेंड्याखालून गेला तेव्हा आमचा गडी साधारण ९७० मीटर मागं, ट्रॅकच्या पार दुसऱ्या अंगाला. तपासून घ्या.

नावासाठी काल भाच्याला फोन केला. म्हणाला, "मामा, निळी गाडी होती, एवढंच आठवतंय, सुरुवातीलाच गेली." निकालाचा छापील कागद आहे, त्यावर सगळ्यांची नावं आहेत. तो बहिणीनं कपाटात ठेवून घेतलाय, आणि ती सध्या माझ्याशी बोलत नाही.