उत्तरदाती क्र. १७

शर्टावरचं पीठ अजून पुरतं गेलेलं नाही. बायकोनं दोनदा झटकला, एकदा धुतला, तरी खिशाच्या शिवणीत जोंधळ्याचं पीठ बसलंय ते बसलंयच. माझ्या डिप्लोमातल्या 'संशोधन पद्धती' या विषयाचा तेवढाच पुरावा आता माझ्याकडं शिल्लक आहे, बाकीचा सरांनी परवा वगळायला लावला.

मागचं थोडक्यात सांगतो. मी बेळगावच्या शहापुरातल्या एका क्रेडिट सोसायटीत क्लार्क. आमच्या चेअरमनना कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत कुणीतरी सांगितलं की आजकाल सगळ्या संस्थांना पीआरओ म्हणजे जनसंपर्क अधिकारी असतो, आणि ऑफिसात सणासुदीच्या शुभेच्छा चुका न करता टाईप करणारा मी एकटाच, त्यामुळं पीआरओ मी झालो, पगार होता तोच राहिला. वर जाहिरात आणि जनसंपर्काचा ऑनलाइन डिप्लोमा, शनिवार-रविवार क्लास, सर बेंगळूरचे, अर्धी फी संस्थेची अर्धी माझी. गोवावेसला लावलेलं होर्डिंग आणि गल्लोगल्ली फिरवलेली भोंग्याची रिक्षा, यावर संस्थेनं बऱ्यापैकी पैसे घातले होते, त्याचा काय उपयोग झाला ते 'शास्त्रीय पद्धतीनं' बघ असा हुकूम निघाला आणि तोच माझा प्रोजेक्टही ठरला. एका दगडात दोन पक्षी, त्यातला दगड मी.

चेअरमनची स्वतःची एक पद्धत आहे हं. रक्तदान शिबिराची बातमी पेपरात आली की ते पट्टी घेऊन बसतात, बातमी किती कॉलम, किती सेंटिमीटर, तेवढ्या जागेला जाहिरातीचा दर किती, केला गुणाकार, "बघ, एवढे वाचवले." मला वाटायचं हा त्यांचाच शोध. पुस्तकात बघतो तर याला चांगलं भारदस्त इंग्रजी नाव आहे, जगभरचे पीआरवाले वर्षानुवर्षं हेच करत आले आणि २०१० साली बार्सिलोनात जमून त्यांनीच ठरवलं की ही मोजणी काही खरी नव्हे, जागा मोजून लोकांच्या मनात काय झालं ते कळत नाही. हे मी चेअरमनना सांगितलं. म्हणाले, बार्सिलोनात रक्तदान शिबिर भरवलंय काय कुणी?

तर सर्वे. पुस्तकाप्रमाणं बघायला गेलं तर ३८४ माणसं लागतात. लोकसंख्या दहा लाख असू दे नाहीतर दहा कोटी, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के इकडंतिकडं चालणार असेल तर आकडा ३८४-८५च्या आसपासच येतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कुणीतरी फसवतंय असंच वाटलं. आपल्याकडं शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ते हेच, खरं भात ढवळलेला पाहिजे. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या मासिकानं अध्यक्षाच्या निवडणुकीआधी एक कोटीच्या आसपास कार्डं पाठवली, वीस लाखांच्या वर परत आली, आणि त्यांनी छातीठोक सांगितलं लँडन येणार. आला रुझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन. कार्डं कुणाला गेलेली? टेलिफोनवाल्यांना आणि मोटारवाल्यांना! त्या मंदीत फोन आणि मोटार ज्याच्याकडं तो आधीच वरच्या थरातला, आणि त्यातही कार्ड परत टाकायची हौस असलेलेच मोजले गेले. जॉर्ज गॅलप नावाच्या सर्वेवाल्यानं त्याच्यापेक्षा कितीतरी कमी माणसं विचारून बरोबर सांगितलं. हे सगळं मी चेअरमनना सांगायचं कारण म्हणजे ते म्हणत होते, "कशाला हिंडतोस, सभासदांच्या ग्रुपवर टाक की, अर्ध्या तासात होतंय." त्या ग्रुपवर निम्मे त्यांचे मेव्हणे आहेत.

सरांनी शिकाऊ म्हणून ४० वर आणलं. मी ठरवलं, गिरणीत जायचं. दळणाला आलेला माणूस डबा टाकून पळून जात नाही, आणि प्रत्येक तिसऱ्याला विचारायचं म्हणजे पद्धतशीर नमुना. पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं की गिरणीतली रांग आलेल्या क्रमानं नसतेच, गव्हावर गहू, जोंधळ्यावर जोंधळा, असे गिरणवाला डबे पुढं-मागं सरकवत असतो, त्यामुळं माझा प्रत्येक तिसरा माणूस गव्हाचाच निघायला लागला. पुस्तकात याचाही इशारा आहे, यादीतच काही ठेका असेल तर नमुना फसतो म्हणून. खरं पुस्तकात गिरण नाही ना.

तेवढ्यात करंट गेला. सगळे अडकले. मी मनात म्हटलं, देव आहे.

सतरावा नंबर एका काकूंचा. पासष्टीच्या, नऊवारी, मांडीवर जोंधळ्याची पिशवी, आणि माझ्या हातातलं पॅड बघून त्यांनीच मला हाक मारली, "ये बाळा, गृहलक्ष्मीचं काय? माझे दोन हजार तीन म्हयने आलेले न्हाईत."

म्हटलं, काकू, गृहलक्ष्मी योजना कर्नाटक सरकारची, मी सरकारचा नव्हे, हे जाहिरातीचं आहे.

"मग लिहूलालास कशाला?"

या प्रश्नाला संशोधन पद्धतीच्या अख्ख्या पुस्तकात उत्तर नाही. मी सरळ फॉर्मवर गेलो. प्रश्न दुसरा, घरात बोलायची भाषा. फॉर्मचा साचा सरांनी पाठवलेला, त्यात खाने चार: कन्नड, इंग्रजी, हिंदी, इतर. मी ते वाचून दाखवले. काकू माझ्याकडं बघत राहिल्या. "आता कुठल्या भाषेत बोलूलालोय आपण?"

"मराठीत."

"त्यात हाय काय ती?"

"इतरमध्ये येते."

"इतर म्हंजे?"

"म्हणजे... आपण."

"असं," म्हणाल्या आणि पदर सारखा केला. एवढंच. पुढचा प्रश्न विचारायला मला अर्धा मिनिट लागला.

मग आला आठवणीचा प्रश्न. याचे दोन प्रकार असतात, आधी काही न सुचवता विचारायचं, मग नाव सांगून विचारायचं. मी म्हटलं, काकू, अलीकडं सोसायटीची कुठली जाहिरात ऐकल्याची आठवते का? आणि काकूंनी तिथं, अंधारातल्या गिरणीत, पिशवीवर ताल धरून, एक आख्खी जाहिरात चालीत म्हणून दाखवली. व्याजाचे दर, ठेवीच्या मुदती, भोंग्यातला तो 'त्वरा करा, त्वरा करा' सुद्धा. मागची दोघं-तिघं पण त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. पुस्तकात याला शंभर टक्के आठवण म्हणतील, एजन्सीवाले ऐकले तर बक्षीस घेतील! फक्त ती आमच्या सोसायटीची जाहिरात नव्हती. दुसऱ्याच एका संस्थेची होती, जी बंद पडून चार वर्षं झाली.

"माझे साठ हजार हायत त्यात," काकू म्हणाल्या. "सुनेच्या बाळंतपणाला ठेवलेले. पोरगं आता शाळंत जातंय."

आता हे कुठल्या खान्यात लिहायचं तुम्ही सांगा. मी 'आठवण: होय' वर टिक केली.

पुढं सहमती-असहमतीचे पाच खाने. ही पट्टी रेन्सिस लिकर्ट नावाच्या माणसानं १९३२ साली काढली. आमचे सर त्याला लायकर्ट म्हणतात. तो स्वतः लिकर्ट म्हणायचा असं मी एकदा चॅटमध्ये टाकलं होतं, तेव्हापासून मी चॅटमध्ये टाकलेलं सर वाचत नाहीत. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. काकूंना तटस्थ समजेना. मी म्हटलं, होय पण नाही आणि नाही पण नाही असं.

"मग 'काय की' म्हण की! तटस्थ काय तटस्थ."

खरंच आहे. बेळगावात ती पट्टी 'होय की', 'होय', 'काय की', 'न्हाई' आणि 'छे' अशी असायला पाहिजे, मी तीन रात्री बसून इंग्रजीचं मराठी, मराठीचं परत इंग्रजी करून तपासलं, आणि हे मला सुचलं नाही.

मग मी चेअरमननी हट्टानं घातलेलं वाक्य वाचलं: 'आमच्या संस्थेची जाहिरात आकर्षक व भरवशाची वाटते.' काकू म्हणाल्या, "आकर्षक हाय. लाल रंग बरा दिसतोय. भरवसा वेगळा. दोन खाने कर." एका प्रश्नात दोन प्रश्न घालू नयेत हा धडा सरांनी एक तास आठ मिनिटं शिकवला होता, माझा हाच फॉर्म त्यांनी 'ॲप्रूव्ड' म्हणून परत पाठवला होता, आणि दोष काढला कुणी, तर जोंधळ्याच्या पिशवीनं.

म्हटलं बरं, नुसतं भरवशाचं सांगा. आणि नेमका त्याच वेळी करंट आला. चक्की सुरू, पट्टा सुरू, कानठळ्या. मी ओरडलो, "भरवशाची वाटते का?" काकू ओरडल्या, "भरवशाच्या म्हशीला टोणगा!" हे पाच खान्यांत कुठं बसतं? मी परत ओरडलो, "म्हणजे असहमत?" त्या काहीतरी ओरडल्या. मी ओरडलो, "ऐकू येईना!" आणि गिरणवाल्यानं गव्हाचा डबा संपला म्हणून चक्की बंद केली, सगळं गप्प झालं, आणि त्या शांततेत काकूंचा आवाज बाहेर पानपट्टीपर्यंत गेला:

"तुजी सोसायटी कवा बुडणार म्हंते मी!"

पंधरा माणसं. त्यातले चार आमचे ठेवीदार. सगळे माझ्याकडं बघताहेत. मी पीआरओ. मी हसलो. जनसंपर्कात हसणं महत्त्वाचं असं पहिल्या युनिटात आहे.

एवढं झाल्यावर काकूंनी स्वतःहून सुनेचं, शेजारणीचं आणि नणंदेचंही मत सांगितलं ("मी चौघींचं सांगते, लिहून घे, त्या काय वेगळं सांगणार न्हाईत"), मी नको नको म्हणेपर्यंत तीन फॉर्म तोंडी भरून झाले, आणि त्यांचं दळण झाल्यावर ऊन-ऊन पिठाची पिशवी माझ्या हातात दिली. "गाडी हाय न्हवं तुज्याकडं? वडगावला सोड." उत्तरदात्याचे आभार मानावेत, शक्य असल्यास छोटी भेट द्यावी, असं पुस्तकात आहे. पिशवीची शिवण उसवलेली होती हे मला त्यांच्या दारात कळलं.

आता राग कुठं आला ते सांगतो. मी सगळं प्रामाणिकपणे लिहून पाठवलं, पीठ पोचवल्याचंसुद्धा. सरांचा शेरा आला, इंग्रजीत: १७ क्रमांक अवैध, उत्तरदात्याशी जवळीक झाली, दुसऱ्यांच्या वतीनं उत्तरं दिली, वगळा. मार्क पन्नासपैकी एकोणीस. चेअरमननी मोकळ्या उत्तरांचं पान वाचलं आणि तेही म्हणाले, हे बोर्ड मीटिंगला जायला नको, काढून टाक. सर आणि चेअरमन एकमेकांना ओळखत नाहीत, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

आणि ते भाषेचं. मी सरांना विचारलं, पुढच्या वेळी मराठीचा खाना घालू का? म्हणाले, राज्याचा साचा एकच आहे, तुलना करता यायला पाहिजे. तुलना कुणाची कुणाशी? कर्नाटकात २०२४च्या कायदादुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड, ठीक आहे, आम्ही नवी पाटी केली, उरलेल्या ४० टक्क्यांत इंग्रजी, मराठी आणि चेअरमनचा फोटो बसवला. खरं फॉर्मवर एक खाना, एक बोटभर चौकोन, त्यालाही जागा नाही? कोल्हापूरकडनं मराठी जाहिरात येते ती कागलला येऊन उतरते, बेंगळूरकडनं येते ती आमच्याशी कन्नडमध्ये बोलते, आणि मधे ही काकू भोंग्यावरची मराठी जाहिरात चार वर्षं तोंडपाठ धरून बसलीय कारण तेवढीच तिच्या भाषेत आलेली, आणि तीच तिला बुडवून गेली. यावर प्रोजेक्ट करतो म्हटलं असतं तर व्याप्ती फार मोठी आहे म्हणाले असते.

असो. सतरा नंबर काढला. चाळीसचे एकोणचाळीस झाले आणि पोर्टल चाळिसाखाली फाईल घेईना. रात्रीचे अकरा, आता गिरण कुठली उघडी. शेवटचा फॉर्म मी स्वतःच भरला. वय, शिक्षण, व्यवसाय. भाषा: इतर. जाहिरात आठवते का: होय. संस्था भरवशाची वाटते का, इथं जरा थांबलो, मग 'काय की' वर टिक केली.