चमचा खायचा नसेल तर

ज्वारी, तांदूळ आणि गव्हाच्या पिठाचा चमचा हैदराबादच्या नारायण पीसापती यांनी केला, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमटी संपली की चमचाही कुडुमकुडुम खायचा. उद्या असा चमचा तुमच्या ताटात आला तर गांगरू नका. नाही म्हणायला कारणं भरपूर आहेत.

आधी विचारा, "याला कुणाकुणाचे हात लागलेत?" हे गाडीवर उभं राहून, हातात वडापाव असताना विचारलेलं बरं. त्याचा कागद परवाच्या पेपरचा असेल आणि तेलाने शाई सुटून पावाच्या बुडाला एखादी निविदा सूचना उलटी उमटली असेल. ती खाऊन टाका. वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, असं एफएसएसएआय हे अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण २०१६ पासून सांगतंय. सांगू दे. शाई आपल्या ओळखीची आहे, ज्वारीचा काय भरवसा?

२०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना समुद्री शेवाळापासून केलेल्या इवल्याशा पिशव्यांतून पेय दिलं होतं, पिशवीसकट तोंडात टाकायचं. शेवाळ म्हटल्याबरोबर नाक मुरडा, "आमच्यात चालत नाही" म्हणा आणि घरी जाऊन चायना ग्रास घातलेला खरवस खा. चायना ग्रास कशाचं करतात, हे मात्र कुणाला विचारू नका.

चतुर्थी असली तर कामच झालं. ज्वारी उपासाला चालत नाही. राजगिऱ्याचा चमचा मागा.

कुणीतरी आइस्क्रीमच्या कोनाचा आणि पाणीपुरीचा दाखला देईलच. शेवटची सुकी पुरी आपण हात पुढे करून फुकट मागून घेतो, पण तिला कुणी 'वेष्टन' म्हटलं असतं तर घेतली असती का?

एका बाबतीत मात्र तुमचंच खरं. हे चमचे पावसाळ्यात सादळतात, म्हणून ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवावे लागतात. आमच्याकडे अर्धा डझन आले होते. पाहुणे गेले, चमचे कुणीच खाल्ले नाहीत. चांगल्या वस्तू टाकवेनात म्हणून आईने ते रात्री घासायच्या भांड्यांत पाणी घालून भिजत ठेवले. सकाळी पातेल्यात आंबील तयार होती.