स्क्वॉश, चार मिनिटं आणि न दिलेली बाउंटी : एका प्रतिक्रियेला उत्तर

हॅकेथॉनच्या, म्हणजे ठरावीक वेळेत सॉफ्टवेअर बांधायच्या स्पर्धेच्या, नियमांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘बाद टीम’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. सूर तिखट आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

तक्रार थोडक्यात अशी. एका ब्लॉकचेन हॅकेथॉनमध्ये या चौघांनी झीरो-नॉलेज प्रूफवर (माहिती उघड न करता ती खरी असल्याचं सिद्ध करायच्या पद्धतीवर) चालणारी मतदानाची प्रणाली बांधली. जमा करण्याआधी रेपो (कोड ठेवायची जागा) नीटनेटका दिसावा म्हणून सगळे कमिट (गिट या साधनात टप्प्याटप्प्याने केलेल्या कोडच्या नोंदी) स्क्वॉश करून, म्हणजे एकात मिसळून, एकच केला. डेमो झाला, निकाल लागला आणि मग मेल आला : काम आधीचं असल्याचा संशय, मुख्य बक्षिसांतून बाहेर. शिवाय परीक्षकांनी कोड उघडलाच नाही, आणि ज्या स्पॉन्सरच्या बाउंटीवर (त्याने वेगळं ठेवलेल्या बक्षिसावर) यांचा डोळा होता ती कुणालाच दिली नाही. निष्कर्ष : “नियम हा देखावा आहे आणि तुम्ही त्याची वकिली करता.”

वकिली करतोच. पण सगळ्याच नियमांची नाही.

स्क्वॉशचं आधी बघू. कंपनीत मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य प्रतीत) स्क्वॉश करूनच मर्ज करतात, मग तीच शिस्त इथे गुन्हा कशी, असं तुम्ही विचारता. कंपनीत तुम्ही कोड कधी लिहिलात याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, तो चालला म्हणजे झालं. हॅकेथॉनमध्ये मात्र शुक्रवारी संध्याकाळी शून्यातून सुरू करून रविवारी सकाळपर्यंत काय उभं राहिलं, याचीच स्पर्धा असते. सहा महिने घासलेलं प्रॉडक्ट आणि दोन रात्रींचा कोड शेजारी ठेवले, तर दोन रात्रीवाल्यांनी यायचंच कशाला?

आता परीक्षकाच्या खुर्चीत बसा. रेपो उघडला. कमिट एक, रविवारी पहाटेचा, संदेश ‘फायनल’, खाली शंभरावर फायली. त्यातलं ओपनझेपेलिनचं (ही तयार कोडची लायब्ररी) काय, टेम्प्लेटमधून आलेलं काय आणि तुम्ही स्वतः लिहिलेलं काय, कशाचाच पत्ता लागत नाही. त्याऐवजी ‘सर्किटमध्ये नलिफायर घातला’ (म्हणजे प्रूफच्या गणितात दुबार मत रोखणारी खूण घातली), ‘टेस्ट फुटली, मर्कल ट्रीची खोली कमी केली’ असे पंधरा-वीस कमिट दिसले असते, तर तुमची रात्र कशी गेली हे विचारावंही लागलं नसतं. लायब्ररी वापरायला कुणाची ना नसते. तुमचा भाग वेगळा दिसायला हवा, इतकंच.

“गिटमधल्या तारखा हव्या तशा बदलता येतात,” हा तुमचा मुद्दा खरा आहे. पण रेपो गिटहबवर कधी तयार झाला हे तुमच्या हातात नसतं, आणि सेपोलियावर (इथेरियम ब्लॉकचेनच्या चाचणी नेटवर्कवर) कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे तिथे चालणारा प्रोग्राम, डिप्लॉय केलं असेल तर ते ज्या ब्लॉकमध्ये (नोंदींच्या गठ्ठ्यात) गेलं त्याची वेळही तुमच्या लॅपटॉपवरून हलत नाही. अर्थात हा पुरावा एकाच बाजूने चालतो. शुक्रवारच्या आधीचा ब्लॉक सापडला की विषय संपला. नंतरचा सापडला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण जुना कोड नव्याने डिप्लॉय करणं दोन मिनिटांचं काम आहे. म्हणून शेवटी सगळं कमिटच्या इतिहासावर येऊन थांबतं.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचं उदाहरण तुम्ही दिलंत. सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी, आणि अंतिम फेरीआधी कॉलेजात केलेल्या तयारीला कुणी हरकत घेत नाही. बरोबर, पण तिथे प्रश्न आधी जाहीर होतात आणि कल्पना पाठवून निवड होते. सगळेच तयारी करून येतात, मग फसवणूक कोणाची?

आता तुमच्या बाजूचं. तुम्ही चिकटवलेल्या नियमावलीत या बाबतीत एकच ओळ आहे : ‘काम स्पर्धेच्या काळातच केलेलं असावं.’ ईथग्लोबल या इथेरियमच्या हॅकेथॉन भरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत हे फोड करून सांगितलेलं असतं : कोड नवा हवा, गिट सुरुवातीपासून वापरा, सगळं एका भल्यामोठ्या कमिटमध्ये ढकललंत तर बाद होऊ शकता. तुमच्या आयोजकांनी पुरावा कसला मागणार ते छापलं नाही, संशय आल्यावर विचारलं नाही, आणि निकालानंतर एक मेल टाकून मोकळे झाले. याचं समर्थन मी करणार नाही. संशय असेल तर डेमोच्या आधी टीमला बोलवायचं, दहा मिनिटं कोडवर प्रश्न विचारायचे. कोड ज्याने लिहिला तो लगेच ओळखू येतो.

एक कामाची गोष्ट. स्क्वॉश केल्याने जुने कमिट लगेच पुसले जात नाहीत. ज्या लॅपटॉपवर स्क्वॉश केलं, तिथे ‘गिट रीफ्लॉग’ ही आज्ञा चालवा. सेटिंग बदललं नसेल तर असे सुटे पडलेले कमिट साधारण ३० दिवस तिथे सापडतात. त्यांची वेगळी ब्रँच करून पुश करा आणि आयोजकांना पाठवा. मुदत सरायच्या आत, आजच.

चार मिनिटांच्या डेमोबद्दल माझी सहानुभूती कमी आहे. ईथग्लोबलच्या मुख्य फेरीतही चार मिनिटं डेमो आणि तीन मिनिटं प्रश्न असंच असतं. तुमच्या स्पर्धेचे निकषही तेच पाच : तांत्रिक खोली, नावीन्य, उपयोग, वापरायची सोय आणि ‘वा!’ म्हणायला लावणारं काहीतरी. कोडची खोली हा त्यातला एक. शेजारच्या टीमचं ‘नुसतंच चकाचक फ्रंटएंड’ वापरायच्या सोयीत गुण मिळवून गेलं, तर त्यात लबाडी कसली? आणि तुम्हीच लिहिलंय की पहिली दोन मिनिटं झीरो-नॉलेज प्रूफ म्हणजे काय हे समजावण्यात गेली. रोज तेच काम करणाऱ्या परीक्षकांना! मत टाकून दाखवायचं, तेच मत दुसऱ्यांदा टाकायला जाऊन व्यवहार रिव्हर्ट झालेला, म्हणजे नाकारला गेलेला, दाखवायचा, मग बाकीचं बोलायचं.

बाउंटीचं म्हणाल तर पैसे स्पॉन्सरचे, निवडही त्याचीच. त्याला स्वतःचं एसडीके (डेव्हलपरांसाठीचा साधनसंच) कुणीतरी नीट वापरलेलं बघायचं असतं. तुमची मतदान प्रणाली लोकशाहीला तारेल का, हे नव्हे. पात्र कुणी वाटलं नाही तर बक्षीस राखून ठेवण्याचा हक्क नियमांत लिहिलेला असेल, तर तो वापरला जाणारच. पुरुषोत्तम करंडक २०२२ मध्ये कुठल्याच संघाला दिला नव्हता, तेव्हाही केवढा गदारोळ झाला होता. ते कलम तुमच्या नियमावलीत नसेल, तर मात्र भांडा.

शेवटी तुम्ही विचारलंय, हाच प्रकल्प पुढच्या स्पर्धेत चालेल का, की फेकून द्यायचा? फेकू नका. १इंच हे क्रिप्टो-चलनांच्या अदलाबदलीचं ॲप २०१९ च्या मे महिन्यात ईथन्यूयॉर्कच्या हॅकेथॉनमध्ये सुरू झालं आणि पुढे वाढलं ते स्पर्धेबाहेरच. ‘शून्यापासून सुरुवात’ असा नियम असेल तिथे जसाच्या तसा प्रकल्प नेऊ नका. सर्किटचा भाग आत्ताच ओपन सोर्स लायब्ररी म्हणून प्रसिद्ध करा, तिच्यावर नवं काही बांधा आणि रीडमीत (रेपोच्या माहितीच्या फायलीत) पहिल्याच परिच्छेदात जुनं काय, नवं काय ते लिहा. हे चालेल का, ते स्पर्धेआधी आयोजकांना डिस्कॉर्डवर विचारा आणि आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.