बायनरी दिली, आता लायब्रऱ्या शोधत बसा

पुन्हा तेच! कुणी हौसेने दिलेली तयार बायनरी (कम्पाइल करून ठेवलेला प्रोग्राम) चालवायला जावं, तर टर्मिनल म्हणतं, 'जीलिबसी २.३४ सापडलं नाही'. जीलिबसी म्हणजे बहुतेक लिनक्सवर प्रोग्रामांना लागणारी मूळ सी लायब्ररी. अरे बाबा, ताज्या डिस्ट्रोवर (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सवर) बिल्ड केलंस तर जुन्या सर्व्हरवर कसं चालणार? जुन्यावर केलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. जीलिबसी निदान एवढं पाळतं तरी. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची तऱ्हाच वेगळी. २०२१ मध्ये ३.० आलं, फाइलच्या नावातला आकडा बदलला आणि १.१ला जोडलेले प्रोग्राम नव्या डिस्ट्रोंवर सुरूच होईनात. मग कुणी शहाणा सुचवतो, सिमलिंक मार, म्हणजे जुन्या नावाने नव्या फाइलकडे बोट दाखव. मारली, तर आता सिम्बॉलची (लायब्ररीतल्या फंक्शनच्या नावाची) आवृत्ती जुळत नाही! झालं समाधान? बायनरी देण्याआधी एकदा एलडीडी ही कमांड चालवून लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी बघ, लागतील त्या सोबत दे, आरपाथ (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या तो बायनरीतच लिहिलेला पत्ता) लाव. जीलिबसी मात्र त्यात कोंबू नकोस, तो आणखी वेगळा ताप.