मुलगा रक्तपिपासू आहे, पण घराणं चांगलं

काही आवडी चारचौघांत सांगता येतात. ‘मला भीमसेनजींचा मारवा फार आवडतो’ म्हटलं की समोरचे आदराने मान डोलावतात. ‘जीए’ म्हटलं तर मान डोलावतात आणि विषय बदलतात. मी ‘ट्वायलाइट’ म्हणते तेव्हा लोक आधी माझ्या वयाकडे बघतात, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरची सोशीकता पाहून काय ते समजून घेतात.

पुस्तक वाचून मी चाहती झाले. सिनेमा बघून वकील झाले. तेव्हापासून ही केस लढवतेय, आणि पक्षकार असा लाभलाय की प्रत्येक सुनावणीला स्वतःच्या तोंडाने काहीतरी कबूल करून बसतो.

ज्यांना माहीत नाही अशा सुखी लोकांसाठी थोडक्यात सांगते. स्टेफनी मेयर ही अमेरिकेतली तीन लहान मुलांची आई. जून २००३ मध्ये तिला स्वप्न पडलं : रानातल्या मोकळ्या जागेत एक मुलगी आणि एक चमचमणारा देखणा व्हॅम्पायर बोलत उभे आहेत, त्याचं तिच्यावर प्रेम आहे आणि तिचं रक्त प्यायची इच्छाही तेवढीच अनावर आहे. (मला स्वप्नात अजून दहावीचा भूमितीचा पेपर येतो. त्यावर कोणी सिनेमा काढत नाही.) व्हॅम्पायरला ऊन चालणार नाही म्हणून बाईंनी अमेरिकेतलं सगळ्यात पावसाळी गाव इंटरनेटवर शोधलं, वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स सापडलं, आणि स्वतः तिथे पाऊल न टाकता कादंबरी लिहून काढली. २००५ मध्ये ती आली, २००८ मध्ये सिनेमा आला. सुमारे पावणेचार कोटी डॉलरमध्ये काढलेल्या त्या सिनेमाने चाळीस कोटींच्या आसपास कमावले. २०१२ पर्यंत पाच भाग झाले. तेव्हा हसणाऱ्यांनी हसावं. तिकिटं आम्ही काढली होती.

आता दुखणं कुठे आहे ते सांगते. पुस्तक नायिकेच्या, म्हणजे बेलाच्या, डोक्यात घडतं. पाचशे पानं ती आणि आपण एकाच कवटीत राहतो. तिची धांदल, तिची खोचक शेरेबाजी, आपण सामान्य आहोत याची खात्री, त्याने बघितलं तर का बघितलं आणि नाही बघितलं तर का नाही, हा सगळा खल आपल्याही आत चालू असतो. कॅमेरा डोक्यात जात नाही. तो तोंडासमोर उभा राहतो. डोक्यातलं सगळं वजा केलं की जे उरतं ते म्हणजे दोन फिकुटलेली मुलं एकमेकांकडे बघतायत. मग बघतायत. मग पावसात बघतायत.

जीवशास्त्राच्या वर्गाचा प्रसंग घ्या. पुस्तकात बेला येऊन त्याच्या शेजारी बसते आणि तो असा काही आक्रसतो की बिचारी स्वतःचे केस हुंगून बघते. स्ट्रॉबेरीच्या शाम्पूचा वास येत असतो. शाळेतल्या पहिल्या दिवशीचा तो अपमान मला आजही पोटात कळतो. सिनेमात काय होतं? ती टेबलफॅनसमोरून जाते, केस उडतात, कागद फडफडतात, आणि एडवर्ड झालेला रॉबर्ट पॅटिन्सन नाकातोंडावर हात दाबतो. त्याच्या मागे पेंढा भरलेलं पांढरं घुबड पंख पसरून ठेवलंय. ते पंख त्याच्याच खांद्यांतून फुटल्यासारखे दिसावेत म्हणून कॅमेरा बेताने लावलेला आहे. दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविक यांनी किती विचार केला असेल! मी हे सगळं घरच्यांना समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “मळमळतंय का गं त्याला?”

आणि मला कबूल करावं लागलं की दिसतं तसंच.

वास्तविक त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललेलं असतं, ते मेयरबाईंनी पुढे २०२० साली ‘मिडनाइट सन’मध्ये लिहिलंय. अख्ख्या वर्गाला कोणत्या क्रमाने मारलं तर ओरडा कमीत कमी होईल, याचा तो हिशेब करत असतो. बारा वर्षं आधी हे पुस्तक हाताशी असतं तर मी तिथल्या तिथे उलटतपासणी घेतली असती. आता घेतली. सासूबाई म्हणाल्या, “एवढं मनात असेल तर मळमळणारच.”

त्या संध्याकाळी हा सिनेमा लावायचा बेत माझा नव्हता. कॉलेजात जाणारी भाची राहायला आली होती आणि तिच्या पिढीत हा सिनेमा म्हणे पुन्हा आवडू लागलाय. मला भरून आलं. मग कळलं की त्यांचं आवडणं वेगळ्या प्रकारचं असतं. ती उशी पोटाशी धरून बसली आणि दर दोन मिनिटांनी “रेड फ्लॅग”, म्हणजे धोक्याची खूण, असं शांतपणे म्हणू लागली, जपमाळ ओढल्यासारखी. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत तिला झोपलेली बघत बसतो, त्या प्रसंगी ती सरळ माझ्याकडे वळली. “मावशी, हा खिडकीतून घुसतो? आणि तेही पोलिसाच्या घरात?”

“तो खूप चांगला आहे गं मनाने.”

“चार्लीकडे बंदूक आहे. तो काय करतोय?”

चार्ली, म्हणजे बेलाचे पोलिसप्रमुख वडील, त्या वेळी झोपलेले असतात. याला माझ्याकडे उत्तर नाही. खरं म्हणजे पुस्तकातही तो असाच घुसतो. पण तिथे ही बातमी आपल्याला बेला देते, लाजत आणि आतून सुखावत, त्यामुळे आपण पान उलटून पुढे जातो. सिनेमात बातमी कॅमेरा देतो, आणि कॅमेरा लाजत नाही.

आमच्या सासूबाईंचं माहेर रत्नागिरीचं. फोर्क्समध्ये वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. “एवढाच?” असं म्हणून त्यांनी शेंगा सोलायला घेतल्या. त्यांच्या लेखी फोर्क्सचा विषय तिथेच संपला. शिवाय हे जे दिसतंय ते बरंचसं फोर्क्स नाहीच, शेजारच्या ऑरेगन राज्यात चित्रण झालंय, आणि वर पहिल्या भागावर निळीत बुडवून काढल्यासारखी छटा चढवलीय, हे मग मी सांगितलंच नाही. साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलावं.

खरी पंचाईत ऊन पडल्यावर झाली. व्हॅम्पायर उन्हात जळत नाही, तर चमकतो, ही मेयरबाईंची कल्पना. पुस्तकात त्या कातडीत हजारो बारीक हिरे जडवलेत असं वाटतं. वाचताना माझ्या मनात जे चमकलं त्याचा खर्च कुठल्याही स्टुडिओला झेपला नसता. पडद्यावर एडवर्ड सदरा उघडून उभा राहतो, अत्यंत दुःखी चेहऱ्याने, ही खुन्याची कातडी आहे असं सांगतो, आणि सासूबाई म्हणतात, “घाम आलाय त्याला. सावलीत ये म्हणावं.”

यानंतर तो तिला पाठीवर घेऊन झाडावर चढतो आणि “घट्ट धर, स्पायडर मंकी” असं म्हणतो. हे वाक्य पुस्तकात नाही. मी शपथेवर सांगते. लेकरांनो, वाटल्यास चारही खंड चाळा, नाही.

इथवर नवरा गप्प होता. तो जागा झाला शाकाहारावर. एडवर्डचं कलन कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, फक्त जनावरांचं पितं, म्हणून ते स्वतःला विनोदाने शाकाहारी म्हणवतात. एडवर्डला पुमा आवडतो, त्याचा भाऊ एमेटला अस्वल. “हरणं मारून शाकाहारी?” नवरा म्हणाला. “आणि मी गटारीला एकदा सुरमई खाल्ली तर घरात आठवडाभर अबोला!” हा वाद व्हॅम्पायरांचा नव्हता, त्यामुळे मी आवाज वाढवला. टीव्हीचा.

मात्र एका गोष्टीसाठी मी पटकथाकार मेलिसा रोझेनबर्ग यांचे आभार मानते, कारण तिथे आमच्या घरातलं वारं फिरलं. सिनेमात बेला पहिल्यांदा कलनांच्या घरी जाते तेव्हा ती मंडळी तिच्यासाठी इटालियन स्वयंपाक करत असतात. हेही पुस्तकात नाही. त्यांच्यातलं कोणीच जेवत नाही. ते स्वयंपाकघर पहिल्यांदाच वापरात आलेलं. आणि कळतं काय, तर ही जेवून आलीय. एडवर्डची बहीण रोझली हातातला काचेचा बोल फोडते. सासूबाईंनी शेंगांचं ताट खाली ठेवलं. “स्वतःच्या पोटात घास जात नाही, तरी होणाऱ्या सुनेसाठी रांधतायत! आणि ही जेवून आली? फोडणारच ती.” मग त्यांनी बारकाईने चौकशी केली. वडील डॉक्टर आहेत. सरकारी की खासगी ते कळलं नाही, पण इस्पितळात मान आहे. काचेचा बंगला आहे. पाचही मुलं दत्तक घेतलेली, म्हणजे मन मोठं. मुलगा पियानो वाजवतो, व्यसन नाही. वय विचारल्यावर मी चाचरत सांगितलं की १९०१चा जन्म, १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरायला टेकला होता तेव्हा डॉक्टरांनी वाचवला, म्हणजे, एका परीने वाचवला.

“म्हणजे शंभरी उलटली. मग अजून अकरावीत का?”

हा प्रश्न मला आजवर एकाही समीक्षकाने इतक्या थेट विचारलेला नाही.

पुढचे भाग त्याच आठवड्यात झाले. ‘न्यू मून’बद्दल मी एकदाच गंभीर होते, होऊ द्या. एडवर्ड सोडून जातो तेव्हा पुस्तकात मेयरबाई काही लिहीतच नाहीत. एका पानावर ऑक्टोबर, पुढच्यावर नोव्हेंबर, मग डिसेंबर, मग जानेवारी. बाकी पानं कोरी. सिनेमात बेला खिडकीशी खुर्चीत बसलीय, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो, आणि दर फेरीला खिडकीबाहेरचा ऋतू बदललेला असतो. ती हललेली नसते. एवढ्या एका ठिकाणी सिनेमाला पुस्तकाचं डोकं सापडलं. भाची “रेड फ्लॅग” म्हणाली नाही. नवरा झोपला होता, पण ते सोडा.

तिसऱ्या भागाबद्दल फार बोलत नाही. तंबू आहे, थंडी आहे, बेलावर जीव लावून बसलेल्या जेकबचा शर्ट नाही.

चौथ्यात लग्न आणि बाळ. मुलीच्या दोन्ही आज्यांची नावं रेने आणि एझ्मे, म्हणून हिचं नाव रेनेझ्मे. यावर जग हसलं. आमच्याकडे कोणी हसलं नाही, कारण आमच्याच मजल्यावर आईबापांची अक्षरं अशीच जोडून ठेवलेल्या नावांची दोन मुलं आहेत. बाळाचा चेहरा मात्र संगणकावर केलाय आणि ते बाळ तुमच्याकडे असं बघतं की तुमच्या कर्जाचे हप्ते त्याला माहीत असावेत. त्याआधी म्हणे एक यांत्रिक बाहुली बनवली होती. ती इतकी भयानक दिसत होती की मोडीत काढावी लागली. व्हॅम्पायरांच्या सिनेमात एकमेव भीतीदायक गोष्ट, आणि तीच कापली.

आणि मग शेवटचा भाग. व्होल्तुरी, म्हणजे इटलीतलं व्हॅम्पायरांचं सर्वोच्च मंडळ, काळे झगे घालून बर्फातून येतं. कलनांनी आपल्या बाजूने ईजिप्त, आयर्लंड, ॲमेझॉन, रोमानिया असे कुठून कुठून साक्षीदार जमवलेत. पुस्तकात मला इथला शब्दन् शब्द ठाऊक. त्यामुळे मी निवांत होते. आणि तेवढ्यात पडद्यावर डॉक्टरांचं मुंडकं उडालं.

“अहो, डॉक्टर!” सासूबाई ओरडल्या.

नवरा ताठ बसला. भाची सोफ्यावर उभी राहिली. मी “पुस्तकात नाही, हे पुस्तकात नाही!” एवढंच म्हणत राहिले. कलनांच्या जास्परला मारलं, त्यांच्या बाजूचे लांडगे पडले, जमीन दुभंगली. ज्या माणसाने आठवडाभर माझ्या नायकाला ‘पावडरवाला’ म्हटलं, तो “मागून येतोय, मागून!” असं एडवर्डला बजावत होता. हा सिनेमा मी आधी पाहिलेला होता. तरी ओरडत होते. आणि मग कळतं की हे काहीच घडलेलं नाही. कलनांच्या ॲलिसला पुढचं दिसतं; तिने व्होल्तुरींच्या प्रमुखाला दाखवलेलं ते भविष्य होतं, आणि ते बघून तो मुकाट माघारी फिरतो. डॉक्टर धडावर मुंडकं घेऊन धडधाकट उभे असतात.

नवरा फसवल्या गेलेल्या ग्राहकाच्या आवाजात म्हणाला, “म्हणजे पुस्तकात लढाईच नाही?”

“नाही.”

“ते पुस्तक तर साडेसातशे पानांचं आहे. मग करतात काय एवढे लोक जमून?”

“बोलतात.”

“आणि?”

“आक्षेप घेतात. साक्षी होतात. मग ज्यांना जायचं ते निघून जातात.”

तो थोडा वेळ विचार करत राहिला. “म्हणजे सोसायटीची एजीएम.”

कित्येक वर्षांच्या वकिलीत माझ्याजवळ या आरोपाला उत्तर तयार नव्हतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या आमच्या सोसायटीच्या खजिनदार होत्या, असल्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

“कोरम होता का?” त्यांनी विचारलं.

“होता, आई.”

“मग बरोबर आहे त्याचं,” त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांचं पुढे काय झालं ते सांग म्हणाल्या.